मजुरी कोण देणार?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मेन रोडवरून जाताना मी दुकानांपेक्षा पाट्याच जास्त बघते. 'सर्व औषधांवर १५ टक्के सवलत.' पुढच्या चौकात '२० टक्के.' त्याच्याही पुढं एका काचेवर लाल अक्षरांत '२५ टक्क्यांपर्यंत'. हा लिलाव कुठवर जाणार, याचा विचार करत मी मंगळवार पेठेत परत येते आणि आमच्या मेडिकलचं शटर वर करते. आमच्या दुकानावर अशी पाटी नाही. गिऱ्हाईक मात्र ती वाचूनच येतं. "तिकडं वीस टक्के देत्यात की वो ताई," असं म्हणत चिठ्ठी पुढं करतं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभं राहतं.

दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. आता परवाना माझ्या नावावर, फार्मासिस्ट मीच, संपत आलेल्या मालाच्या वहीत, म्हणजे शॉर्ट बुकात, अक्षरही माझंच. अण्णा सकाळी दोन तास येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतात, कारण काही गिऱ्हाइकांना ते दिसल्याशिवाय गोळी लागू पडत नाही.

त्या वीस टक्क्यांचा हिशेब एकदा मांडून बघू. जीएसटी बाजूला ठेवू. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात त्या किमतीत दुकानदाराचा वाटा १६ टक्के धरलेला आहे. ऐकायला बरा वाटतो. पण तो खरेदीवर आहे. १०० रुपयांना विकलेल्या मालात हातात राहतात १३ रुपये ८० पैसे. यादीबाहेरच्या औषधांवर रिवाजानं २० टक्के सुटतात. यातूनच भाडं, लाइटबिल, काउंटरवरच्या पोराचा पगार, उंदरानं कुरतडलेलं खोकं आणि कंपनीनं परत न घेतलेली एक्स्पायरी भागवायची. मग जो शंभराला वीस सोडतो, तो कुठून सोडतो?

त्याची उत्तरं दोन-तीनच आहेत. साखळी दुकानं एकदम मोठी खरेदी करतात, रोख देतात, त्यांना स्कीमही तशीच मिळते. ऑनलाइनवाल्यांच्या मागं मोठा पैसा उभा आहे. रिलायन्सनं २०२० मध्ये नेटमेड्स घेतलं, टाटांनी २०२१ मध्ये वनएमजी. त्यांना दोन-चार वर्षं तोटा खाऊन गिऱ्हाईक जमवता येतं. मला दोन महिने तोटा झाला तर होलसेलर उधारी बंद करतो. आणि तिसरं उत्तर आमच्या धंद्यातलंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. छापील किंमत फुगवलेलं जेनेरिक. समजा, छापील ९० आणि खरेदी २०. त्यावर २५ टक्के सोडले तरी दुकानदार खुशीत. गिऱ्हाइकाला वाटतं आपण वाचवले, पण ती गोळी त्याला ३० रुपयांत मिळायला हवी होती. शिवाय शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधाचा चिठ्ठीवर लिहिलेला ब्रँड परस्पर बदलायला कायद्यानं आम्हाला बंदी आहे. तरी बदल होतात, सगळ्यांना माहीत आहे. मला तो रस्ता पटत नाही. सोवळेपणा म्हणून नाही, तर त्या रस्त्यावर आपल्यापेक्षा चलाख माणूस कायम पुढं असतो म्हणून.

पण माझी खरी तक्रार सवलतीबद्दल नाहीच. ती टक्क्याबद्दल आहे. आमची कमाई मालाच्या किमतीवर टक्क्यानं चालते. म्हणजे महाग इंजेक्शनाचं खोकं नुसतं फ्रीजमधून काढून दिलं तर चार पैसे सुटतात. आणि शुगरची स्वस्त गोळी पहिल्यांदाच चालू झालेल्या मावशीला ती जेवणासोबत का घ्यायची, सुरुवातीला पोट बिघडलं तरी घाबरून बंद का करायची नाही, उपवासाच्या दिवशी काय करायचं हे दहा मिनिटं समजावलं तर हातात येतात तीन रुपये. जनऔषधी केंद्र चालवणाऱ्यांचंही हेच दुखणं. टक्का त्यांना २० चा आहे, पण १० रुपयांच्या पाकिटावर तो दोनच रुपये देतो. जितकं स्वस्त द्याल तितकी कमाई कमी, असा हा उलटा धंदा आहे.

आपल्या सोनारांच्या गुजरीत हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. सोन्याचा भाव वेगळा, मजुरी वेगळी. साज घडवणाऱ्याला कुणी असं म्हणत नाही की भाव पडला, आता मजुरीही निम्मी घे. औषधाच्या दुकानात मात्र मजुरी नावाचा रकानाच नाही. जर्मनीत तो आहे. तिथं चिठ्ठीच्या औषधावर दुकानदाराला ३ टक्के मिळतात आणि वर पाकिटामागं ठरावीक रक्कम. २०१३ मध्ये ती ८ युरो ३५ सेंट ठरली. गोळी पाच युरोची असो की पाचशेची, हाताळणीचे, तपासून देण्याचे पैसे तेवढेच. त्याच देशात एका फार्मासिस्टला एक मुख्य दुकान आणि फार तर तीन शाखा काढता येतात, त्यामुळं भांडवलवाल्यांच्या साखळ्यांना दारच बंद आहे. आपल्याकडं असा कायदा येईल म्हणून वाट बघण्यात मला रस नाही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघाला, त्याविरुद्ध आम्ही सप्टेंबरात देशभर दुकानं बंद ठेवली, आणि तो मसुदा मग वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. बंदच्या दिवशी गिऱ्हाइकांनी काय केलं? अ‍ॅपवर मागवलं.

मग मजुरी मागायची कुणाकडं? इथं आमच्यातले बरेच जण अडखळतात, कारण डोळ्यापुढं तेच गिऱ्हाईक येतं, ज्यानं आत्ता पाच रुपये सुटे नाहीत म्हणून खोकल्याची गोळी घेतलेली असते. त्याच्याकडून सल्ल्याचे पैसे मागायची कुणाची जीभ रेटणार? पेठेत तर मुळीच नाही. अण्णांनी आयुष्यभर फुकट सांगितलं. डॉक्टरचं अक्षर लावून दिलं, रात्री अकराला शटरवर थाप पडली तरी खाली उतरले. ते दुकानाचं भांडवल झालं, पण त्याची एंट्री कुठल्याच वहीत नाही.

इंग्लंडमध्ये हे पैसे सरकार देतं. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथं 'फार्मसी फर्स्ट' नावाची योजना आहे. घसा, कान, सायनस, किडा चावून चिघळलेली जखम, नागीण अशा सात तक्रारींसाठी माणूस थेट फार्मासिस्टकडं जातो, आणि एका तपासणीमागं सरकार दुकानाला पैसे देतं, सुरुवातीला ते १५ पौंड होते. तरीही तिथली गल्लीतली दुकानं बंद पडायची थांबली नाहीत, कारण औषधांच्या मूळ मोबदल्यातच तूट होती. तेव्हा एक योजना आली की झालं, अशा भ्रमात राहू नये. आपल्याकडं तर फार्मासिस्टला औषध लिहून द्यायचा अधिकारच नाही, आणि सध्याच्या डिप्लोम्याच्या दर्जाकडं बघता तो घाईनं देऊही नये असं माझं मत आहे. कित्येक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर माणूस भलताच, हे चित्र आपण आधी बदलायला हवं.

मला जास्त शिकण्यासारखी वाटली ती अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल या गावाची गोष्ट. उत्तर कॅरोलिनातलं हे शहर. १९९६ च्या सुमारास तिथल्या नगर प्रशासनाच्या लक्षात आलं की आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च आपल्यालाच परवडत नाही. त्यांनी गावातल्या फार्मासिस्टांना पैसे देऊन कामाला लावलं. कर्मचाऱ्यानं ठरल्या वेळी फार्मासिस्टला भेटायचं, साखर दाखवायची, गोळ्यांचं बोलायचं, आणि त्या बदल्यात औषधाचा स्वतःचा वाटा माफ. झालं असं की औषधांवरचा खर्च वाढला, कारण लोक गोळ्या खरंच घेऊ लागले. पण दवाखान्याचा खर्च आणि आजारपणाच्या रजा इतक्या कमी झाल्या की एकूण खर्च खाली आला. इथं औषध घेणारा एक आहे आणि मजुरी देणारा दुसराच. त्या दुसऱ्याला रुग्ण बरा राहण्यात स्वतःचा फायदा दिसतो. आपल्याला तो दुसरा माणूस शोधायचा आहे.

शिरोलीच्या फौंड्रीतला कास्टिंगवरचा जुना कारागीर बीपीच्या गोळ्या सोडून देतो आणि एक दिवस लकवा मारून पडतो, तेव्हा मालकाचं काय नुकसान होतं ते मालकालाच विचारा. तसा हात दुसरा मिळत नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, सगळीकडं पन्नाशीतली माणसं आणि त्यांचं बीपी. महिन्याला माणशी थोडी रक्कम देऊन एखाद्या फार्मासिस्टला आठवड्यातून एक दुपार कारखान्यात बसवणं अवघड नाही. एका फौंड्रीवाल्या काकांशी मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी माझंच बीपी बघ." बघितलं. ते सांगण्यासारखं नव्हतं. पुढचं बोलणं अजून चालू आहे, आणि मालक गोळ्या मात्र नियमानं घ्यायला लागलेत.

दुसरा माणूस मला सापडला तो पुण्यात. आमच्या पेठेतल्या कितीतरी घरांत आता दोघंच राहतात, आई आणि बाबा. पोरगा हिंजवडीला, पोरगी बेंगळुरूला, एखादं अजून लांब. रात्री नऊनंतर मला फोन येतात. "ताई, बाबा म्हणतात गोळ्या आहेत. खरंच आहेत का?" त्यांना सवलत नको असते. सवलतीत औषध अ‍ॅपवरून घरपोच पाठवून त्यांचं झालेलं असतं आणि तीन महिन्यांची खोकी न उघडता कपाटात पडलेली असतात. त्यांना कुणीतरी बघणारं हवं असतं.

मग मी ते रीतसर सुरू केलं. महिन्यातून एकदा घरी जायचं, किंवा ज्यांना जमतं त्यांना दुकानात बोलवायचं. चिठ्ठ्या एकत्र लावायच्या. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिलेलं असतं, हे तर नेहमीचं. तसं दिसलं की डॉक्टरांना फोन करायचा. सात कप्प्यांच्या डब्या भरून द्यायच्या. सगळ्या गोळ्या डबीत चालत नाहीत. फिटच्या व्हॅल्प्रोएटसारख्या गोळ्या ओलावा ओढतात, आणि आपल्या श्रावणात तर मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं, त्या पाकिटातच ठेवायच्या. बीपी मोजायचं, लिहायचं आणि पोराला मेसेज करायचा. महिन्याला २०० रुपये. एक आजी माझ्यावर डाफरल्या, "गोळ्या मोजायचं बी पैसं घेतीस व्हय गं?" त्यांच्या पोरानं पहिल्याच महिन्यात फोनवरून वर्षाचे पाठवून दिले आणि आईला सांगू नका म्हणाला. आता आजींना वाटतं त्यांच्या ओरडण्यानं मी पैसे बंद केले.

यात एक अवघड जागा आहे. पैसे पोराचे, पण शरीर बापाचं. एक आजोबा मला म्हणाले, "बीपी वाढलंय ते त्याला कळवू नकोस. उगंच नोकरी सोडून पळत येईल." त्यांच्या आवाजात पोराची काळजी होती आणि थोडा स्वाभिमानही. मी आता सुरुवातीलाच आई-बाबांसमोर बसून विचारते, काय कळवायचं आणि काय नाही. ते म्हणतील तेवढंच जातं. एका पोराला हे आवडलं नाही, त्यानं सेवा बंद केली. त्याला इलाज नाही. मेडिकलवाल्याच्या पोटात पेठेतली किती गुपितं असतात, आणि ती तिथंच राहतात म्हणून तर लोक येतात.

दुसरा बदल दिसायला किरकोळ, पण दुकानाचा श्वास त्यानं मोकळा केला. आपल्याकडं एक पाकीट दहा गोळ्यांचं, दुसरं पंधराचं, तिसरं चौदाचं. पाच गोळ्या चालू असलेला माणूस महिन्यात पाच वेळा दुकानात येतो आणि तरी एखादी गोळी मधे दोन दिवस चुकतेच. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये जॉन सायकोरा नावाच्या फार्मासिस्टनं १९९० च्या दशकात यावर साधा उपाय काढला. प्रत्येक रुग्णाची सगळी औषधं महिन्याच्या एकाच ठरलेल्या दिवशी द्यायची, आणि त्याच्या आधी फोन करून विचारायचं की काही बदललंय का, दवाखान्यात जाऊन आलात का. आम्ही पहिल्या महिन्यात पाकिटं कापून सगळ्यांचा शेवट एका तारखेला आणतो. कापताना बॅच आणि एक्स्पायरीचा तुकडा शेवटाला राहील असं बघायचं, हे काउंटरवरच्या पोराला शिकवणं हाच सगळ्यात मोठा खटाटोप होता.

तारीख कशी ठरवायची? पेन्शनवाल्यांची महिन्याच्या सुरुवातीला. पाचगाव, कळंब्याकडनं येणाऱ्यांची दुधाच्या बिलाप्रमाणं, कारण बिल दहा दिवसाला होतं आणि औषधाचे पैसे त्यातूनच निघतात. अमेरिकेतल्या माणसाला ही भानगड नव्हती.

याचा फायदा रुग्णाला आहेच, पण हिशेबाच्या वहीला जास्त आहे. पाच तारखेला कुणाला काय लागणार हे मला एक तारखेला माहीत असतं. मी तीनला तेवढाच माल मागवते. पूर्वी 'लागेल म्हणून' ठेवलेली खोकी, त्यात अडकलेले पैसे, त्यातून होणारी एक्स्पायरी, 'उद्या या' म्हणून परत पाठवलेली गिऱ्हाइकं, हे सगळं आटतं. अडकलेला पैसा सुटला की होलसेलरला वेळेत देता येतं, वेळेत दिलं की तोही एखादा टक्का सोडतो. सवलतीच्या पाटीशी झुंजायचं तर ताकद इथून येते, गाळ्याचं भाडं बुडवून नाही.

मात्र कमी साठ्याचा हा शहाणपणा पुराच्या पाण्यात टिकत नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि शहराचा रस्ता तुटला. अ‍ॅपवर ऑर्डर घेतली जात होती की नाही मला माहीत नाही, पण गाडी येणार कुठून? त्या दिवसांत दुकानांनी एकमेकांचा माल वापरून दिवस काढले. इन्सुलिन याच्याकडं, फिटच्या गोळ्या त्याच्याकडं. व्हीनस कॉर्नरकडची दुकानं पाण्यात होती, आमची पेठ उंचावर. त्या वेळी कुणी कुणाचा स्पर्धक नव्हता.

मग हे फक्त पुरातच का करायचं? कोल्हापुरात १९६३ मध्ये गोकुळ उभं राहिलं ते दोन-दोन म्हशी असलेल्या माणसांच्या जिवावर. वारणेत ग्राहकांचा सहकारी बझार चालतो. २०२३ पासून गावच्या विकास सोसायट्यांनाही जनऔषधी केंद्र काढायला सरकारनं वाट मोकळी केली आहे. केरळात तर सहकारी ग्राहक संघाची नीती मेडिकल स्टोअर्स कितीतरी वर्षं आहेत. आणि आम्ही मेडिकलवाले आंदोलनाला एकत्र येतो, सत्यनारायणाला एकत्र जेवतो, पण खरेदी मात्र एकेकटे करतो. दहा दुकानांनी बीपी-शुगरच्या रोज खपणाऱ्या पन्नासएक औषधांची ऑर्डर एकत्र दिली, तर होलसेलरच्या तोंडावरचा भाव बदलतो.

आम्ही आजूबाजूचे काही जण सध्या यावर बसतो. बोलायला सोपं, करायला नाही. किरकोळ परवान्यावर एका दुकानानं दुसऱ्याला माल विकायचा नसतो, त्यासाठी घाऊक विक्रीचा परवाना काढावा लागतो. त्याला निदान १० चौरस मीटर जागा आणि पात्र माणूस हवा. जागा एका काकांच्या तळघरात आहे, पण पावसाळ्यात तिथं ओल येते. माणूस मिळेल. एक ज्येष्ठ दुकानदार, ज्यांनी अण्णांबरोबरच धंदा सुरू केला, ते म्हणाले, "हिशेब रोज सांजचा सांजला मिटत असंल तर मी हाय. महिन्यानं मिटवायचा असंल तर नको, भांडणं हुतील." त्यांचं बरोबर आहे, ते लिहून घेतलं. फ्रीज कुणाच्या पैशानं घ्यायचा हेही ठरलं. गेल्या बैठकीत गाडी अडली ती इन्व्हर्टरवर, आणि लाइटबिल कुणाच्या नावावर यावं यावर दोघं इतके तावातावानं बोलायला लागले की चहा गार झाला. पुढची बैठक रविवारी आमच्या दुकानात आहे, दुपारी, शटर अर्धं ओढून.